पांढऱ्यावर लाल ठिपके : एका पतंगाची बाजू

पावसाळा सरत आला की एक चित्र मोबाइलवर हमखास फिरायला लागतं. पानावर बसलेला बोटाच्या पेराएवढा जीव, दुधाळ पांढरे पंख, त्यांवर कुंकवाची बोटं उमटवावीत तसे लाल ठिपके आणि मधे मधे काळी टिंबं. खाली मजकूर असा : ‘सावधान! हे फुलपाखरू नाही. फुलपाखरू दिवसा उडतं, पतंग रात्री. फुलपाखरू रंगीत, पतंग मळकट. फुलपाखरू पंख मिटून बसतं, पतंग पसरून. फुलपाखरू परागीभवन करतं, पतंग पिकं आणि कपडे खातो. आणि जो पतंग रंगीत असून दिवसाढवळ्या उडतो, तो जहरी असतो. हात लावू नका. त्याच्या पंखांची भुकटी डोळ्यात गेली तर दृष्टी जाते. दिसताक्षणी मारा.’

हा मजकूर मला सोसायटीच्या ग्रुपवर आला, नातेवाइकांच्या ग्रुपवर आला, शिवाय एका मैत्रिणीने ‘खरंय का गं हे?’ म्हणून वेगळा पाठवला. एरवी मी दुर्लक्ष केलं असतं. पण गेल्या ऑक्टोबरात आमच्या जिन्यातल्या दिव्याखाली असाच एक ठिपकेवाला पतंग भिंतीवर बसला होता. नात जिन्यात खेळतेय म्हणून शेजारच्या एका भल्या गृहस्थांनी तो चपलेने चिरडला. भिंतीवर पिवळसर डाग आणि एक पंख राहिला. त्यांना मी दोष देत नाही, नातीच्या काळजीपोटीच त्यांनी ते केलं. म्हणूनच हा मजकूर एकेक वाक्य घेऊन तपासायचा आहे.

आधी चित्रातला जीव कोण ते सांगते. हा युटेथिसा. ‘टायगर मॉथ’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गटातला पतंग. सजीवांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत रुजवणाऱ्या लिनियसने १७५८ मध्ये त्याच्या एका जातीला ‘पल्केला’ असं नाव दिलं. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ चिमुकली, देखणी. आपल्याकडे युटेथिसा पल्केला आणि युटेथिसा लोट्रिक्स या अगदी जवळच्या जाती आहेत आणि नुसत्या डोळ्यांनी त्या वेगळ्या ओळखणं अवघड असतं, म्हणून इथे दोघांनाही मी ‘ठिपकेवाला’च म्हणते. पल्केला आफ्रिका, दक्षिण युरोप ते भारत असा पसरलेला आहे. एवढ्याशा पंखांवर तो मोठी स्थलांतरं करतो, काही वर्षी थेट ब्रिटनच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचतो. लोट्रिक्स भारतापासून ऑस्ट्रेलियापर्यंत आढळतो.

आता पहिलं वाक्य : ‘फुलपाखरू दिवसा उडतं, पतंग रात्री.’

पुण्यातल्या कुठल्याही टेकडीवर सप्टेंबर-ऑक्टोबरात सकाळी दहा-अकराला गवतातून चाला. पायाशी काहीतरी पांढरं फडफडत उठतं, चार-पाच हात पुढे जातं आणि गवताच्या काडीला खालच्या बाजूने चिकटून दिसेनासं होतं. तोच हा. बसताना तो पुढचे पंख अंगाभोवती गुंडाळून घेतो आणि लांबून वाळक्या काडीचा तुकडा वाटतो. जवळ वाकून पाहिलं की लाल ठिपके दिसतात. भर उन्हात उडतो, फुलांवर येतो, आणि रात्री दिव्यावरही येतो. जिन्यातला तसाच आला होता. म्हणजे मजकुरातल्या ‘दिवसा की रात्री’ या रेषेच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून हा जगतो.

आपल्या भाषेत पतंग म्हटला की दिव्यावर झेप घेऊन जळणारा, अशी प्रतिमा डोक्यात इतकी घट्ट बसली आहे की उन्हात उडणारा पतंग आपल्याला पतंग वाटतच नाही. पण दिवसा उडणारे पतंग आपल्या अंगणात आहेत. अनंताच्या झाडावर हिरवी, शेपटीवर काटा असलेली जाड अळी येते. तिचा पुढे जो पतंग होतो, त्याचे पंख काचेसारखे आरपार दिसतात, कारण कोशातून बाहेर आल्यावरच्या पहिल्या उड्डाणातच त्यांवरचे खवले झडून जातात. तो भुंग्यासारखा दिवसा फुलांसमोर तरंगत राहतो. त्याच्याच भाऊबंदांचे व्हिडिओ ‘आमच्या बागेत हमिंगबर्ड आला’ म्हणून फिरतात. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत असतात. तुमच्या सदाफुलीवर तरंगणारा तो दिवसा उडणारा पतंगच. ब्रिटनमध्ये तर फुलपाखरांच्या जितक्या जाती आहेत, त्याहून दिवसा उडणाऱ्या पतंगांच्या जाती जास्त आहेत.

उलट बाजूही बघा. ‘इव्हनिंग ब्राउन’ नावाचं तपकिरी फुलपाखरू दिवसभर पाचोळ्यात दडून बसतं आणि तिन्हीसांजेला बाहेर पडतं, दिव्यावरही येतं. त्याच्या अळ्या भाताच्या पानांवर वाढतात. कोकणात दिवेलागणीला ओटीवर शिरणारं ते मळकट पाखरू अनेकदा फुलपाखरू असतं, आणि आपण त्याला पतंग म्हणून हाकलतो.

मुळात फुलपाखरं आणि पतंग अशा दोन समोरासमोरच्या टोळ्या नाहीतच. खवल्यांच्या पंखांच्या कीटकांच्या सुमारे एक लाख साठ हजार जातींना आजवर नावं मिळाली आहेत. त्यांत फुलपाखरं जेमतेम अठरा-एकोणीस हजार. साधारण दहा कोटी वर्षांपूर्वी पतंगांच्या वंशातून एक फांदी फुटली, ती फुलपाखरांची. घराण्यातली एक शाखा सगळ्यांना माहीत झाली आणि उरलेल्या घराण्याला आपण एकाच नावाने हाक मारतो, असा हा प्रकार आहे.

‘फुलपाखरू रंगीत, पतंग मळकट.’ हे वाक्य ज्या चित्राखाली लिहिलंय, ते चित्रच ते खोडून काढतं. तरी एक उदाहरण सांगायचा मोह आवरत नाही, कारण त्यात मुंबई-पुण्याचा धागा आहे. सह्याद्रीच्या जंगलांत निळसर-जांभळ्या पंखांवर काळे पट्टे असलेला एक मोठा पतंग दिवसा उडतो, डिस्फेनिया परकोटा. त्याला इंग्रजीत ‘ब्लू टायगर मॉथ’ म्हणतात, आणि ‘ब्लू टायगर’ नावाचं एक फुलपाखरूही आपल्याकडे आहे, त्यामुळे गोंधळात भरच पडते. या पतंगाला शास्त्रीय नाव दिलं चार्ल्स स्विन्हो या लष्करी अधिकाऱ्याने. १८८३ मध्ये मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी सुरू करणाऱ्या आठ जणांपैकी तो एक. मुंबई आणि दख्खनच्या फुलपाखरा-पतंगांवर त्याने १८८५ मध्ये लिहिलं, तेव्हा दोघांना एकत्रच घेतलं होतं.

बसण्याच्या पद्धतीबद्दल थोडक्यात. ऊन खात बसलेली कितीतरी फुलपाखरं पंख पसरून बसतात, आणि आपला ठिपकेवाला पंख पसरत नाही, गुंडाळतो. ओळखायचंच असेल तर मिशा बघा. फुलपाखराच्या मिशांच्या टोकाला गाठ असते, काडेपेटीतल्या काडीसारखी. बहुतेक पतंगांच्या मिशा साध्या दोऱ्यासारख्या किंवा पिसासारख्या. यालाही अपवाद आहेत, पण निम्म्याअधिक वेळा फसवणारा नियम पाठ करण्यापेक्षा हा बरा.

‘पतंग पिकं आणि कपडे खातो.’

यात तथ्य आहे आणि ते लपवायचं कारण नाही. कपाशीवरची गुलाबी बोंडअळी, हरभऱ्यावरची घाटेअळी, मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी या तिन्ही पतंगांच्याच अळ्या. विदर्भातल्या ज्या शेतकऱ्याने बोंड फोडून आत गुलाबी अळी पाहिली आहे, त्याला पतंग गरीब असतो हे मी कोणत्या तोंडाने सांगू? पण त्याच विदर्भात, भंडारा-गडचिरोलीकडे, ऐनाच्या झाडांवर अळ्या पोसून टसर रेशमाचे कोश काढले जातात, आणि टसरही पतंगाचंच. भारतात पतंगांच्या दहा हजारांहून जास्त जाती आहेत. त्यांतल्या मूठभरांनी केलेली नासधूस सगळ्यांच्या माथी मारणं म्हणजे उंदीर धान्य खातो म्हणून गाईला काठी घालणं.

कपड्यांचं तर अजून सोपं आहे. लोकरीला कसर लागते ती काही मिलिमीटरच्या, फिकट सोनेरी रंगाच्या एका पतंगाच्या अळीमुळे. मोठा झालेला पतंग काहीच खात नाही. न्हाणीघराच्या भिंतीवर राखाडी, चपटी, भोपळ्याच्या बीसारखी पिशवी लटकलेली असते ना, दोन्ही तोंडांनी उघडी, तिच्यातून मधूनच एक बारीक डोकं बाहेर येतं? तीही एका छोट्या पतंगाची अळी, घर अंगावर घेऊन फिरणारी. ती जळमटं, केस, लोकरीचे तंतू खाते. ठिपकेवाल्याला तुमच्या शालीत काडीचाही रस नाही.

त्याला रस आहे खुळखुळ्यात.

माळावर, रस्त्याकडेला पिवळ्या फुलांची ही झुडपं सगळ्यांनी पाहिलेली असतात. शेंग फुगीर, वाळली की आतल्या बिया सुट्या होतात आणि हलवली की वाजते. म्हणून खुळखुळा, कुठे घागरी. शास्त्रीय नाव क्रोटॅलेरिया, तेही ग्रीक भाषेतल्या खुळखुळ्यासारख्या वाद्यावरून आलेलं. अमेरिकेतही हिला खुळखुळ्याची डबी अशाच अर्थाचं नाव आहे. तीन खंडांतल्या माणसांनी एकाच शेंगेचा आवाज ऐकला आणि एकच नाव ठेवलं, याचं मला फार कौतुक वाटतं. हिरवळीच्या खतासाठी शेतकरी जो ताग किंवा बोरू पेरतात, तोही याच कुळातला.

ठिपकेवाल्याची मादी या झाडांवर अंडी घालते, भुरुंडीसारख्या इतर काही वनस्पतींवरही घालते. अळी काळसर-करडी, विरळ केसांची, पाठीवर पांढरी रेघ आणि अंगावर नारंगी-लाल खुणा. आधी पानं कुरतडते, मग शेंगेला भोक पाडून आत शिरते. गेल्या वर्षी टेकडीवर मी एक वाळायला आलेली शेंग सवयीने कानाशी नेऊन हलवली. वाजली नाही. फिरवून पाहिली तर एका कडेला सुईच्या नेढ्याहून थोडं मोठं, गोल भोक होतं आणि भोकाशी विष्ठेचा भुसा. उघडून पाहिलं तर बियांच्या जागी टरफलं आणि त्यांत ती अळी वेटोळं करून पडलेली.

तागाच्या शेतात ही अळी उपद्रवी ठरते, हे खरं. पण हिरवळीचा ताग फुलोऱ्यावर आला की नांगरून मातीत गाडतात, शेंगा धरायच्या आतच. बियाण्यासाठी ताग ठेवणाऱ्याला काळजी घ्यावी लागते, बाकीच्यांना तिचा फारसा ताप नाही.

पण ती पानं सोडून बियांसाठी एवढी धडपड का करते? तिथे त्या मजकुराचं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य येतं : ‘रंगीत असून दिवसाढवळ्या उडतो तो जहरी असतो.’

हे वाक्य पूर्ण खोटं असतं तर माझं काम सोपं झालं असतं. ठिपकेवाला खरोखर विष बाळगून असतो. खुळखुळ्यात, आणि त्यातही बियांमध्ये जास्त, पायरोलिझिडीन अल्कलॉइड नावाची कडू द्रव्यं असतात. गुरं-शेळ्या शक्यतो या झाडाला तोंड लावत नाहीत ती त्यामुळेच. अळी ही द्रव्यं बियांबरोबर खाते, स्वतःच्या अंगात साठवते, कोशातून पुढे नेते आणि पतंग झाल्यावरही ती त्याच्या अंगात राहतात. तिच्या शरीरात एक विकर असतं, ते या विषाला तिच्यापुरतं निरुपद्रवी रूप देतं. खाणाऱ्या पक्ष्याला किंवा कोळ्याला मात्र त्याचा कडवट प्रसाद मिळतो.

रंग का, याचं उत्तर इथेच आहे. चार्ल्स डार्विनला प्रश्न पडला होता की काही अळ्या इतक्या भडक का असतात, अळ्यांना तर जोडीदार शोधायचा नसतो. १८६७ मध्ये त्याने आल्फ्रेड रसेल वॉलेस या निसर्ग-अभ्यासकाला विचारलं. वॉलेसने उत्तर दिलं, ते साधारण असं : ज्याची चव वाईट आहे त्याने लांबूनच ओळखू यावं, नाहीतर पक्षी चोच मारून मग थुंकेल आणि तोवर जीव गेलेला असेल. ठिपकेवाल्याचे लाल ठिपके म्हणजे ‘मला खाऊ नकोस’ अशी पाटी आहे. पाटी वाचायला उजेड लागतो, म्हणून असा पतंग बिनधास्त दिवसा उडू शकतो. रंग, दिवस आणि विष या तिन्हींचा संबंध मजकूर लिहिणाऱ्याने बरोबर जोडला. चुकला तो एवढ्यावरच की ती पाटी आपल्यासाठी लावलेली आहे असं त्याने धरलं.

हे विष काम कसं करतं ते बघू. पायरोलिझिडीन अल्कलॉइड पोटात गेल्यावर यकृतात त्यांचं रूप बदलतं आणि ते बदललेलं रूप यकृताला इजा करतं. त्वचेला पतंगाचा पाय लागला, पंख घासला, तर यातलं काहीही घडत नाही. आपल्या देशात या विषाने माणसं दगावली आहेत, पण ती पतंगाने नव्हे. १९७०च्या दशकात सरगुजा जिल्ह्यात, आजच्या छत्तीसगडमध्ये, यकृताच्या आजाराची साथ आली. शोध घेतल्यावर दिसलं की लोक खात होते त्या गोंदली नावाच्या बारीक तृणधान्यात खुळखुळ्याच्या कुळातल्या एका रानझाडाच्या बिया मिसळलेल्या होत्या. दुष्काळी, गरीब मुलखात निवडून टाकण्याइतकं धान्य कुणाकडे होतं? कुणाला या कुळातल्या विषाबद्दल खरोखर सावध करायचं असेल तर ‘शेतातलं बारीक धान्य निवडून घ्या, खुळखुळ्याच्या बियांचा काढा पिऊ नका’ हे सांगावं. त्याचा उपयोग होईल.

आणि त्या विषाचं हा पतंग काय करतो, हे मला त्याच्या रंगापेक्षाही सुंदर वाटतं. यातली बरीचशी माहिती आपल्याकडच्या जातींवरून नाही, तर अमेरिकेतल्या त्यांच्या सख्ख्या बहिणीवरून मिळाली. तिचं नाव युटेथिसा ऑर्नाट्रिक्स, पंख गुलाबी-केशरी. कॉर्नेल विद्यापीठातल्या थॉमस आइस्नर यांनी रसायनतज्ज्ञ जेरॉल्ड माइनवाल्ड यांच्या साथीने तिच्यावर वर्षानुवर्षं काम केलं. फ्लोरिडात आइस्नर यांनी पाहिलं की ही पतंगीण मोठ्या सोनेरी जाळ्याच्या कोळ्याच्या, नेफिलाच्या, जाळ्यात अडकली. नेफिलाचा एक भाऊबंद आपल्या सह्याद्रीतही पावसाळ्यात वाटेवर हातभर जाळी लावून बसलेला असतो. पतंग एरवी जाळ्यात अडकला की तडफडतो, खवले जाळ्याला चिकटतात आणि कधीकधी त्यावर सुटून जातो. ही निपचित पडून राहिली. कोळीण धावत आली, तिने चाचपून पाहिलं आणि मग तिच्या भोवतीचे धागे एकेक करून कापून टाकले. पतंगीण खाली पडली, सावरली आणि उडाली.

त्यांनी याच जातीच्या अळ्या खुळखुळ्याऐवजी विष नसलेल्या, घेवड्यासारख्या कडधान्यापासून केलेल्या खाद्यावर वाढवल्या. रंग तोच, ठिपके तेच. त्या पतंगांना कोळिणींनी खाऊन टाकलं. विषावाचून नुसती पाटी उपयोगाची नव्हती.

नर जे विष साठवतो ते फक्त स्वतःसाठी नसतं. संध्याकाळी मादी गंध सोडून नराला बोलावते. नर आला की पोटाच्या टोकाशी असलेल्या केसांच्या झुबक्यांतून आपला गंध तिच्यापुढे पसरतो, आणि तो गंध त्याच विषापासून बनलेला असतो. ज्याने अळीपणी जास्त विष मिळवलं, त्याचा गंध जास्त. मादी त्यावरून निवड करते. मीलनात नर तिला स्वतःच्या वजनाच्या सुमारे एक दशांश एवढी पुडी देतो, तिच्यात शुक्राणूंबरोबर पोषण असतं आणि विषही. मादी स्वतःचं आणि त्याचं विष अंड्यांत उतरवते. अंड्यांतल्या विषाचा साधारण तिसरा हिस्सा बापाकडून आलेला असतो, असं १९८८ मध्ये या गटाने दाखवून दिलं. अशी अंडी लेडीबर्ड भुंगे आणि मुंग्या टाळतात. पिकासाठी आपण ज्यांना मित्रकीटक म्हणतो, त्यांच्या तोंडून बापाच्या विषाने वाचलेलं अंडं! आणि ज्या अळ्यांच्या वाट्याला बिया येत नाहीत, त्या विषासाठी आपल्याच जातीची अंडी खातात, इतकं त्यांचं आयुष्य या एका द्रव्यावर अडलेलं असतं. शेंगेला भोक पाडून बियांशी पोहोचण्याची ती धडपड अशी असते.

त्या मजकुरातल्या निर्मळ फुलपाखरांबद्दलही एक गोष्ट सांगते. ‘ब्लू टायगर’ आणि त्याच्या जवळची फुलपाखरं खुळखुळ्याच्या वाळक्या, मोडलेल्या फांद्यांवर थवा करून बसलेली तुम्ही पाहिली असतील, फूल नसताना. ते बहुतेक नर असतात. ते खुळखुळ्यातलं तेच विष सोंडेने शोषत असतात, आणि मादीला भुलवणारा गंध तेही त्यापासूनच बनवतात. एकाच झाडावर, एकाच विषासाठी, पतंगाची अळी आणि फुलपाखराचा नर. त्या फुलपाखरांचे फोटो आपण ‘सुप्रभात’ लिहून पाठवतो.

परागीभवनाबद्दल एवढंच की पपईची फुलं आठवा. पांढरट, नळीची, संध्याकाळी घमघमणारी. त्यांच्याकडे येणाऱ्यांत लांब सोंडेचे पतंग प्रमुख असतात.

राहिली भुकटी. ‘डोळ्यात गेली तर दृष्टी जाते.’ पतंगाच्या पंखावरची भुकटी आणि फुलपाखराच्या पंखावरची भुकटी एकच : बारीक खवले, कौलांसारखे एकावर एक बसलेले. ते कायटिनचे असतात, त्याच पदार्थाचे ज्यापासून कोळंबीचं कवच बनतं. डोळ्यात गेले तर धूळ गेल्यासारखं टोचेल, पाण्याने धुतलं की निघून जातील. लहानपणी फुलपाखरं पकडून बोटं रंगवणाऱ्या आपल्या पिढ्या आंधळ्या झाल्या नाहीत.

मात्र इथेही एक गोष्ट सांगायलाच हवी. केसाळ सुरवंटाचे केस टोचरे असतात, अंगावर गांधी उठतात आणि ते डोळ्यात रुतले तर डॉक्टरांकडे जावंच लागतं. नेपाळमध्ये पावसाळ्यानंतर, साधारण एक वर्षाआड, मुलांमध्ये डोळ्याचा एक गंभीर आजार दिसतो. त्यात दृष्टी जाऊ शकते, आणि त्याचा संबंध तिथल्या एका पांढऱ्या, केसाळ पतंगाशी जोडला गेला आहे. तो पतंग वेगळ्या कुळातला, रात्री दिव्यावर येणारा, आणि रंगीत तर मुळीच नाही. म्हणजे ज्याच्यापासून मुलांना लांब ठेवायला हवं त्याचं वर्णन या मजकुरात कुठेच बसत नाही, आणि ज्याचा फोटो लावलाय त्याने कुणाचा डोळा घालवलेला नाही.

शेवटचं वाक्य, ‘दिसताक्षणी मारा’. मारण्याचं एकही कारण वर उरलेलं नाही. ठिपकेवाला घरात आला तर खोलीतला दिवा घालवा आणि गॅलरीतला लावा, बहुतेक वेळा तो आपण होऊन जातो. नाही गेला, भिंतीवरच बसून राहिला, तर त्याच्यावर स्टीलचा पेला उपडा ठेवा, भिंत आणि पेला यांच्यामधून एक जाड पत्रिका हळूच सरकवा आणि बाहेर जाऊन कुंडीतल्या झाडावर सोडा. नात जवळ असेल तर सोडण्याआधी तिला पेल्यात डोकावू द्या. स्टीलच्या पांढऱ्या उजेडात लाल ठिपके फार छान दिसतात. बहुतेक वेळा तो पेल्याच्या कडेला पंख गुंडाळून, अजिबात न हलता बसलेला असतो, कोळिणीच्या जाळ्यात बसतो तसाच.